पोरगा बूट घालून बसतो आणि ती येत नाही

पत्र (थोडं कमी करून देतेय):

ताई, मी ६१ वर्षांची, हे ६६. एकुलती एक मुलगी, ३३ वर्षांची. नातू सहा वर्षांचा, गेली दोन वर्षं आमच्याकडेच आहे, कारण मुलीला दारूचं व्यसन, त्यात आता झोपेच्या गोळ्या पण. जावई केव्हाच निघून गेला, साधा फोनही करत नाही. ती कधीही येते, रात्री अकराला पण, बेल वाजवत राहते, पैसे मागते, नाही दिले की आरडाओरडा आणि माझा मुलगा आहे, आत्ता घेऊन जाते म्हणते. मुलाला फोनवर सांगते रविवारी येते, आणि येत नाही. मागच्या रविवारी तो तीन वाजल्यापासून बूट घालून, दप्तर पाठीला लावून खिडकीत बसला होता, रात्री झोप लागली तरी बूट काढू देईना. मी ठरवलं आता पैसे बंद, तर परवा कळलं हे मला न सांगता तिला देत होते. आता तिची खोली सुटलीय, इथेच राहायला येते म्हणते, नाही म्हणालात तर जिवाचं काहीतरी करून घेईन म्हणते. हे म्हणतात पोटची पोर आहे, रस्त्यावर टाकायची का. दार बंद केलं तर मी आई कसली? आणि उघडलं तर या लेकराचं काय? पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, फोन करू की नको तेही कळेना.
– एक आजी

काकू,

आधी सगळ्यात तातडीचं. ती जिवाचं काहीतरी करून घेईन म्हणते ना, ते खरं आहे की धमकी आहे हे ओळखायचं काम तुमचं नाही, फोनवरून ते भल्याभल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दरवेळी खरंच धरायचं. पण खरं धरायचं म्हणजे पैसे काढून द्यायचे किंवा दार उघडून गप्प बसायचं असं नाही. सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का तुझ्या? आत्ता येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी सगळ्यांना भीती वाटते, पण तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. आणि ती हो म्हणाली, किंवा काहीच बोलेना, तर इमर्जन्सीचा नंबर लावायचा, हॉस्पिटलला न्यायची. ती चिडेल, तुम्ही मला वेडी ठरवलीत म्हणेल, म्हणू दे. तिला मदत हवी असेल तर मदत पोचली, आणि फक्त पैसे हवे असतील तर या वाक्याने पैसे मिळत नाहीत हेही तिला समजलं.

त्याच्याच जोडीला दोन गोष्टी, कारण तुम्ही गोळ्यांचं लिहिलंय. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र घेतल्या तर थांबूही शकतो. कधी ती हलवूनही उठेना, घशात घरघर वाजतेय असं दिसलं तर ‘झोपलीय, झोपू दे’ म्हणून पांघरूण घालून जाऊ नका, कुशीवर वळवा आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. दुसरं म्हणजे रागाच्या भरात ‘आजपासून एक थेंब नाही’ असं करून तिला कोंडून वगैरे ठेवू नका. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, गोळ्यांचंही तसंच आहे. सोडायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि तुमच्या घरातली सगळी औषधं, काकांची बीपीची असली तरी, आजच्या आज कुलपात. हे लेकरासाठीही आणि तिच्यासाठीही.

आता बुटांकडे येते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच थांबले. सहा वर्षांचं पोर तीन वाजल्यापासून बूट घालून बसतं म्हणजे त्याला तयार राहायचंय, उशीर त्याच्यामुळे व्हायला नकोय. रात्री बूट काढू देत नाही कारण त्याच्या हिशोबाने बूट काढले की ‘आई येणार नाही’ हे त्यानेच ठरवल्यासारखं होतं. या वयात मुलांना असंच वाटतं, घरात जे काही होतं ते आपल्यामुळेच होतं, मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, मी झोपलो म्हणून ती परत गेली. त्याने हे तुम्हाला बोलून दाखवलं नसेल, पण डोक्यात चालू असणार, मला जवळजवळ खात्री आहे.

म्हणून पहिला बदल इथेच करा आणि या रविवारपासूनच करा. आई येणार आहे हे त्याला आधी सांगायचंच नाही. ती इमारतीच्या दारात पोचली, तुम्ही स्वतः खाली जाऊन बघून आलात, ती शुद्धीत आहे, मगच वर येऊन सांगायचं, ‘अरे, आई आलीय भेटायला.’ तोपर्यंत त्याचा रविवार हा त्याचा रविवार, खेळायला जायचंय तर जाऊ दे. आणि तिचे त्याला येणारे फोन तुमच्या फोनवर, ठरलेल्या वेळी, स्पीकरवर, तुम्ही शेजारी बसून. ‘येत्या रविवारी येते हं बाळा’ म्हणाली की तुम्ही तिथल्या तिथे हळूच म्हणायचं, ‘आईला यायची इच्छा आहे, जमलं तर येईल.’ तिला खोटं पाडायचं नाही, पण त्याला आशेवर टांगूनही ठेवायचं नाही.

त्याला काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण घरातली मोठी माणसं गप्प बसली की मुलं स्वतःच काहीतरी रचतात आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. अगदी साधं सांगा. ‘आईला एक आजार आहे, त्यात ती दारू पिते आणि मग ती बोललेलं पाळू शकत नाही. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तू शहाण्यासारखं वागलास तरी तो बरा होणार नाही, ते काम डॉक्टरांचं. ती तुझ्यावर प्रेम करते. आणि तू इथेच राहणार आहेस, आम्ही आहोत.’ एकदा सांगून भागत नाही, तो विचारेल तेव्हा तेव्हा हेच, याच शब्दांत. त्याच्यासमोर तिला शिव्या नकोत, आणि ‘आई ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलीय’ असलं खोटंही नको, मुलांना कळतं हो सगळं, फक्त आपण बोलत नाही म्हणून ती पण बोलत नाहीत.

आता पैसे. इथे मला काकांशीच बोलायचंय, त्यांना हे वाचून दाखवा, किंवा त्यांच्याच हातात द्या.

काका, तुम्ही वाईट काही केलेलं नाही. लेक दारात उभी आहे, रडतेय, खिशात पैसे आहेत, कुठल्या बापाचा हात खिशात जाणार नाही? माझ्या घरी हेच झालं. भाऊ प्यायचा, वडील ताडताड बोलायचे आणि आई कपाटातल्या कपड्यांच्या घडीखालून नोटा काढून त्याच्या मुठीत कोंबायची. आम्हाला वाटायचं वडील कठोर आणि आई मऊ, भावाला मात्र बरोब्बर कळलं होतं की वडिलांचं नाही म्हणजे नाही नव्हेच, फक्त थोडा वेळ थांबायचं. स्किनर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग केले, त्यात असं दिसलं की दरवेळी दाणा मिळत असेल आणि मग बंद झाला तर प्राणी प्रयत्न लवकर सोडतो, पण कधी मिळतो कधी नाही असं असेल तर दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचा मारतच राहतो. तुमच्या घरात आत्ता ते दुसरं चाललंय. काकू नऊ वेळा नाही म्हणतात, दहाव्यांदा तुम्ही जिन्यात जाऊन देता, म्हणजे तिला शिकवलं काय, तर दहा वेळा बेल वाजवायची. काकूंची नऊ नाही तुमच्या त्या एका हो मुळे फुकट जातात, आणि लेकीची चिकाटी मात्र वाढते.

आणि हे आधीच सांगून ठेवते नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघंही हार मानाल, पैसे खरोखर बंद झाले की सुरुवातीला तिचं वागणं बिघडेल. बेल जास्त वाजेल, रात्री फोन वाढतील, शिव्या वाढतील, नातेवाइकांकडे तुमच्याबद्दल काहीबाही जाईल. तेव्हा असं वाटेल की आपलं चुकलं, याने तर आणखी वाईट झालं. आधी चालणारी गोष्ट चालेनाशी झाली की माणूस ती आणखी जोर लावून करून बघतो, तसंच आहे ते. त्या दिवसांत एकदा जरी दिलेत तर तिला कळेल की आता एवढा आवाज करावा लागतो, आणि पुढच्या वेळी ती तिथूनच सुरुवात करेल. म्हणून दोघांनी आज रात्री, पोर झोपल्यावर, समोरासमोर बसून ठरवा, काय करणार आणि काय नाही. जे पाळणं जमणार नाही ते ठरवूच नका. काकांना रोख नाही म्हणणं जड जातंय तर असं ठरवा की रोख नाही, पण डॉक्टरची फी थेट डॉक्टरला, औषध थेट दुकानात जाऊन, उपाशी असेल तर जेवण डबा भरून. हातात नोट नाही. याने काकांचं बापपण पण राहतं आणि दारूला पैसा पण जात नाही.

बघा ना, आपण मर्यादा मर्यादा म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं समोरच्याला काहीतरी करायला लावायचं. ‘तू पिऊ नकोस’ ही मर्यादा नाहीच, ती विनंती आहे, आणि ती पाळणं न पाळणं तिच्या हातात आहे, आत्ता तर तिच्याही हातात फारसं नाही. मर्यादा म्हणजे मी काय करणार. ‘तू पिऊन आलीस तर मी दार उघडणार नाही. न पिता शनिवारी चार वाजता आलीस तर बागेत तासभर मुलाला भेटायचं, मी सोबत असेन.’ एवढंच. हे ती शुद्धीत असताना सांगायचं, सकाळी, एकदाच, आवाज न चढवता, आणि वर मेसेजमध्येही लिहून पाठवायचं म्हणजे ‘मला कुणी सांगितलंच नाही’ व्हायला नको. प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, कारणं देत बसू नका, तुम्ही जितकी कारणं द्याल तितकी ती खोडून काढेल. ‘आत्ता नाही. उद्या सकाळी फोन कर,’ आणि आत. दारावर लाथा घातल्या, पोराला ओढायला लागली तर पोलिसांना फोन. आपल्या लेकीवर पोलीस बोलवायचे या विचारानेच आतडं पिळवटतं, मला माहीत आहे, आम्ही बोलवलेले आहेत. पण दाराच्या आत एक लेकरू उशीत तोंड खुपसून पडलेलं असतं.

यातली दुसरी बाजू पण तितकीच महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात. नुसतं नाही नाही करून चालत नाही. रॉबर्ट मेयर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी एक पद्धत तयार केली, तिला क्राफ्ट म्हणतात, तिचं सार असं की लेक न पिता असेल तेव्हा तुम्ही जास्तीत जास्त जवळ जायचं, गप्पा, जेवण, मुलाचे फोटो, मायेने हात फिरवणं, सगळं तेव्हा. आणि प्यालेली असेल तेव्हा भांडण न करता बाजूला व्हायचं, आणि तिच्या पिण्याचे परिणाम तिचे तिला भोगू द्यायचे, तिच्या ऑफिसात फोन करून तब्येत बरी नाही म्हणून सांगायचं नाही, उधाऱ्या फेडायच्या नाहीत. आपल्या घरांमध्ये नेमकं उलटं होतं, ती पिऊन आली की सगळं घर तिच्याभोवती, रडारड, समजूत, आणि चार दिवस नीट असली की सगळे थकून लांब. तिच्या शुद्धीतल्या दिवसांना काहीच मिळत नाही.

राहायला येऊ द्यायचं का? माझं उत्तर, आत्ता नाही. एवढं ठाम सहसा मी कुणाला सांगत नाही. एकाच घरात ती पिणार, गोळ्या घेणार, आणि सहा वर्षांचं पोर ते बघणार, मधरात्री उठून आई श्वास घेतेय का ते बघायला जाणार, हे होऊ द्यायचं नाही. तिला रस्त्यावर टाका असं म्हणत नाहीये. ‘घरी नाही, पण उपचाराला भरती व्हायला आजही तयार असशील तर मी आणि बाबा दोघं सोबत येतो, गाडी बोलवतो,’ हे कायम उघडं ठेवा, त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राचा, डॉक्टरचा नंबर आधीच काढून ठेवा, कारण तिच्या तोंडून हो निघतं ते तासाभरापुरतंच असतं आणि तेवढ्या वेळात तुम्हाला हलता आलं पाहिजे. उपचार झाल्यावरही लगेच घरी नको, बाहेर राहून काही महिने भेटी नीट पाळू दे, मग तिच्या समुपदेशकाशी बोलून पुढचं. मधे घसरली तर तो शेवट धरू नका, या आजारात घसरणं बऱ्याच जणांचं होतं.

‘मुलगा घेऊन जाते’ हे मात्र हलक्यात घेऊ नका. दोन वर्षं तुम्ही सांभाळताय, पण कागदावर काय आहे? बहुतेक ठिकाणी कोर्टाचा आदेश नसेल तर कायद्याच्या नजरेत आईवडीलच पालक असतात, आजीआजोबा नाहीत, आणि शाळेच्या गेटवर आई उभी राहिली तर शिपाई पोराला तिच्या हातात देईल. वकिलाला भेटा, पैशाची अडचण असेल तर मोफत कायदा सल्ल्याची सोय चौकशी करून शोधा, पालकत्वाच्या कागदासाठी काय लागतं ते विचारा. शाळेला लेखी द्या की मुलाला कोण नेऊ शकतं, आणि कुणी दुसरं आलं तर आधी तुम्हाला फोन. तारखा टाकून एका वहीत लिहीत जा, कधी आली, कशी होती, काय झालं. आणि जरा बोचेल पण तुम्ही ६१, काका ६६, तुमच्या दोघांनंतर किंवा तुमच्यातलं कुणी आजारी पडलं तर याचं कोण करणार, ते नाव आत्ता ठरवा.

तुम्ही लिहिलंत, दार बंद केलं तर मी आई कसली. आपल्याकडे म्हणतात दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी. पण तुमच्यासारख्या आजीला कुणी विचारत नाही की दूध आणि साय यातलं एकच वाचवायची वेळ आली तर काय करायचं. काकू, दोघांनाही आई हवी आहे, पण एकाला ती आत्ताच्या आत्ता हवी आहे, रोज, ठरलेल्या वेळी, कारण तो सहा वर्षांचा आहे आणि त्याचं वय थांबणार नाही. हवाईतल्या कवाई बेटावर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना अनेक दशकं धरून ठेवलं, म्हणजे ती मोठी होऊन चाळिशीपर्यंत पोचली तरी त्यांचं काय झालं ते बघत राहिल्या. त्यात जी मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार असल्या सगळ्यात वाढली, त्यातली साधारण एक तृतीयांश तरीही सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात जे समान दिसलं त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे लहानपणी निदान एक तरी असं माणूस जे टिकून राहिलं, आणि ते बऱ्याचदा आजी-आजोबा होते. मुलाचे बूट रात्री कोण काढतं, सकाळी कोण घालतं, ही साधी गोष्ट नाहीये.

आणि तुमचं स्वतःचं. लेक जिवंत आहे आणि तरी तुम्ही रोज तिला गमावताय, याला कुणी सांत्वनाला येत नाही कारण कुणी गेलेलंच नाही. पॉलीन बॉस या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास करताना अशा दुःखाला नाव दिलं होतं, ज्यात माणूस आहे पण नाही, नाही पण आहे. या दुःखात ‘आता झालं, संपलं’ असा दिवस येत नाही, म्हणून तुम्ही कमकुवत आहात म्हणून रडू येतंय असं समजू नका. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाचे गट आहेत, नवऱ्यांचं व्यसन सोसलेल्या लॉईस आणि ॲन या दोघींनी १९५१ साली सुरू केलेले, आता बऱ्याच देशांत चालतात, काही ऑनलाइनही आहेत, फी नसते, नाव सांगायची सक्ती नसते. तिथे तीन वाक्यं म्हणतात, हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या काबूत नाही, हे मी बरं करू शकत नाही. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्यातलं पहिलं म्हणताच येईना, घशात अडकलं. माझ्या आईला तर वर्ष लागलं. जाताना काकांनाही घेऊन जा, त्यांना जास्त गरज आहे असं मला पत्रावरून वाटतंय.

वाढदिवसाचं राहिलं. करा फोन. सकाळी लवकर करा, ती नीट असते त्या वेळेला. ‘तू झालीस तो दिवस मला आठवतो’ असं काहीतरी जे फक्त तुम्हीच तिला सांगू शकता ते सांगा, ती किती वाजता झाली, पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कशी दिसत होती. मुलाने चित्र काढलं असेल तर फोटो काढून पाठवा. खोलीचा किंवा पैशाचा विषय निघालाच तर ‘त्यावर आज नको बोलूया’ म्हणा, भांडायला लागली तर पुन्हा एकदा शुभेच्छा द्या आणि मगच ठेवा.